‘आहे’ आणि ‘करीन’ : मनाला सांगायच्या वाक्याचा इतिहास



मांजरीत व्याख्यानाला यायचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी विषय सुचवला होता, ‘सकारात्मक वाक्यांनी आत्मविश्वास कसा वाढवावा’. विषय चांगला आहे. पण ‘कसा वाढवावा’ हे सांगणारे पुष्कळ आहेत. मोबाइल उघडला की रोज सकाळी कोणी ना कोणी सांगतंच. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आमच्या विषयाची खोड अशी की उत्तर देण्याआधी प्रश्न कुठून आला ते बघायचं. तेव्हा आज आपण या वाक्यांचा इतिहास बघू. माणूस स्वतःच्याच मनाला काहीतरी बजावून सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो, ही गोष्ट आपल्या मराठी मुलखात कशी होत आली, आणि मागच्या रांगांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेल्या मुलामुलींना त्यातून काय घेता येईल, एवढंच.

हा प्रश्न मांजरीत मांडायला कारणही आहे. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेली. त्याआधीपासूनच उसाच्या आणि भाजीच्या रानात इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या ओळखीचे एक शेतकरी आम्हाला म्हणाले, “सर, गुंठ्याचा भाव तोंडपाठ आहे आमच्या पोराला. स्वतःचा भाव मात्र कळत नाही त्याला.” हे वाक्य आम्ही विसरलो नाही. जमिनीला किंमत आली, आणि त्याच घरातला मुलगा हडपसरच्या पलीकडच्या काचेच्या इमारतीत मुलाखतीला जाताना म्हणतो, “आपल्याला नाही जमायचं.” हा जो ‘नाही जमायचं’ आहे, त्याच्यावर उतारा म्हणून आज अफर्मेशन विकलं जातं. सकाळी उठा, आरशासमोर उभे राहा आणि म्हणा, मी समर्थ आहे, मी यशस्वी आहे.

आता आमची एक चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं का बोलतोय ते कळेल. पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी होता, खेड्यातून आलेला, पेठेत कॉट बेसिसवर राहणारा. एक दिवस तास संपल्यावर थांबला. म्हणाला, “सर, मी खोलीत पुठ्ठ्यावर लिहून लावलंय, मी हुशार आहे, मी अधिकारी होणारच. रोज एकवीस वेळा म्हणतो. पण म्हटलं की आतून कोणीतरी म्हणतं, खोटं बोलतोस.” आम्ही काय उत्तर दिलं? म्हणालो, “श्रद्धा कमी पडतेय, अजून म्हण.” तो मान हलवून गेला. पुढच्या सत्रात तो दिसला नाही. का दिसला नाही, त्याला अनेक कारणं असतील. सगळं आमच्या उत्तरावर ढकलणंही एक प्रकारचा अहंकारच होईल. पण उत्तर चुकीचं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे असं समजा.

सुरुवात घरातल्या देवघरापासून करू. पूजेच्या आरंभी संकल्प सोडतात, तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. काळ सांगतात, स्थळ सांगतात, स्वतःचं नाव-गोत्र सांगतात आणि शेवटी हातावरून पाणी सोडतात. त्या संकल्पाचं क्रियापद आठवा : करिष्ये. म्हणजे ‘मी करीन’. संकल्प करणारा ‘मी पुण्यवान आहे’ असं म्हणत नाही. मी अमुक गावचा, अमुक नावाचा माणूस, आज अमुक एक गोष्ट करीन, एवढंच म्हणतो. पूजेवर तुमची श्रद्धा असो वा नसो, या वाक्याची घडण लक्षात ठेवा. ‘आहे’ आणि ‘करीन’ ही आजची दोन क्रियापदं. सगळा इतिहास आपण या दोन खुंट्यांवर टांगणार आहोत.

आता रामदास. ‘मनाचे श्लोक’ दोनशे पाच आहेत. आमच्या लहानपणी ते शाळेत, आखाड्यात, संध्याकाळी घरात म्हटले जात. मनाला उद्देशून रोज म्हणायची वाक्यं म्हणाल, तर मराठीतला हा सगळ्यात मोठा संग्रह. त्यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली अशी की समर्थ दुसऱ्याच श्लोकात मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारतात. मनाला शिव्या देऊन सुरुवात करत नाहीत. घरातल्या समजूतदार माणसाशी बोलावं तसं बोलतात. दुसरी गोष्ट व्याकरणाची. त्या श्लोकांमधली क्रियापदं बघत जा. जावे, सोडावे, धरावे, अशी विध्यर्थी रूपं पानोपानी भेटतात. मना, तू थोर आहेस, असं कौतुक ते फारसं करत नाहीत. काय करायचं ते सांगतात. म्हणजे हाक आदराची, आणि पुढे काम.

तुकोबांकडे आलो की गोष्ट अवघड होते, आणि जवळचीही. मांजरीकरांना तर जास्तच जवळची. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी पुण्याहून सोलापूर रस्त्याने तुमच्याच शिवारातून लोणी काळभोरच्या मुक्कामाला जाते. आणि नदी ओलांडून मांजरी खुर्दच्या पलीकडे गेलं की वाघोली. तुकोबांच्या कवित्वावर ज्यांनी आक्षेप घेतला ते रामेश्वरभट्ट वाघोलीचे, असं परंपरा सांगते. शूद्राने असं बोलण्याचा अधिकार नाही, हा तो आक्षेप. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तुकोबा तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसले. वह्या वर आल्या की नाही, यावर आपण आज भांडायला नको. आम्हाला त्या तेरा दिवसांत रस आहे. स्वतःविषयी शंका यायला याहून मोठं कारण काय हवं? दुष्काळात घर बसलं, बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, आणि जे एक आपलं म्हणून हाताशी होतं ते शब्दही पाण्यात गेले.

अशा वेळी तुकोबा काय करतात? ते शंका लपवत नाहीत. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, आणि त्यांत ठिकठिकाणी हा माणूस म्हणतो की मी हीन आहे, मला काही कळत नाही, माझं मन मला ऐकत नाही. विठ्ठलाशी भांडतो, त्याला खोटा ठरवतो. आणि त्याच गाथेत असेही अभंग आहेत की त्यांच्यापुढे कोणा विद्वानाची मान वर राहू नये, इतका विश्वास. आम्ही पुष्कळ दिवस असं समजत होतो की आधी शंकेचा तुकाराम आणि मग विश्वासाचा तुकाराम, अशा पायऱ्या असतील. आता तसं वाटत नाही. शंका मोठ्याने बोलून दाखवणं हाच तिथे विश्वासाचा एक भाग आहे. जो माणूस “मला भीती वाटते” हे देवाला सांगू शकतो, त्याचा देवावर आणि स्वतःवरही काहीतरी भरवसा असतोच. आमच्या विद्यार्थ्याच्या पुठ्ठ्यावर या शंकेला जागाच नव्हती. म्हणून ती आतून ओरडत होती.

तुकोबांच्या आधी तीनशे वर्षं मंगळवेढ्याचे चोखोबा. त्यांचा उसाचा अभंग सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्या आकारावरून आतल्या गोडीचा निवाडा करू नका, असं त्याचं सांगणं. मांजरीत हे वेगळं समजावून सांगायला नको. इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. उसाची परीक्षा करताना रसाचा ब्रिक्स बघतात. कांडं सरळ की वाकडं, हे तिथे कोण विचारतो? चोखोबांना देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिलं जात नव्हतं. अशा माणसाने म्हटलेलं हे ‘आहे’ आहे. पण ते कसं ‘आहे’ आहे, ते बघा. मी इतरांपेक्षा गोड आहे, असं ते म्हणत नाहीत. रस सगळ्यांत आहे, तुमची पारख चुकली आहे, असं म्हणतात. हा फरक फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे आपण परत येऊ.

आता एकोणिसाव्या शतकात, पुण्यात येऊ. जोतीराव फुल्यांनी एक प्रश्न विचारला, तो आमच्या मते आत्मविश्वासाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तुझ्या मनात ‘मी हलका आहे’ हे वाक्य आलं कुठून? ते तू लिहिलंस का? १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. त्यातल्या इतिहासाच्या तपशिलांवर अभ्यासक वाद घालतात, घालू देत. मूळ मुद्दा असा की शूद्रातिशूद्रांच्या मनातला कमीपणा हा त्यांचा स्वभाव नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या सांगून, ऐकवून, कथा रचून मनात घातलेला आहे. म्हणजे तीही एक प्रकारची अफर्मेशनच होती, उलट्या दिशेची. रोज कानावर पडणारी, आणि फुकट.

आणि यावर जोतीरावांनी काय केलं? ‘तुम्ही थोर आहात’ असं म्हणत बसले नाहीत. शाळा काढल्या. त्या शाळेतली मुक्ता साळवे, चौदा वर्षांची मुलगी, १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून येतो. त्या निबंधात ‘मी हुशार आहे’ असं कुठेही नाही. आमच्यावर काय अन्याय झाला, ते तिने एकामागून एक मांडलं आहे. आत्मविश्वास हा शब्द न वापरता केलेलं आत्मविश्वासाचं एवढं मोठं काम आम्हाला त्या काळात दुसरं दिसत नाही. पुढे सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. सत्यशोधक विवाहासाठी जोतीरावांनी स्वतः मंगलाष्टकं लिहिली, मराठीत. त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. ती स्त्रियांच्या हक्कांविषयी विचारते, तो वचन देतो. तोपर्यंत लग्नातलं वचन भटजी संस्कृतात म्हणत आणि वधूवर माना डोलवत. आता वचन ज्याचं त्याने, कळणाऱ्या भाषेत, माणसांसमोर द्यायचं. मंडळी, ‘करीन’ हे क्रियापद पुरोहिताच्या तोंडातून काढून माणसाच्या तोंडात घातलं, ही साधी गोष्ट नाही.

याच वाटेवर पुढे कर्मवीर भाऊराव पाटील भेटतात. १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग. हडपसरचं साधना विद्यालय रयतचंच. तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी तिथली धूळ झटकली असेल. बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत, श्रम करून शिकत. शेतकऱ्याच्या ज्या मुलाला शहरात गेल्यावर बोलायला लाज वाटायची, त्याला अण्णांनी भाषण शिकवण्याआधी कुदळ दिली. हाताला काहीतरी जमलं की जिभेलाही जमतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता थोडं मुलखाबाहेर जाऊ, कारण आज जे आपल्याला अफर्मेशन म्हणून मिळतं ते ना रामदासांकडून आलं ना फुल्यांकडून. ते बाहेरून आलं. फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे एक औषधविक्रेते होते. जन्म १८५७, मृत्यू १९२६. औषध देताना दोन चांगले शब्द बोलले की गुण लवकर येतो, असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून त्यांनी स्वयंसूचनेची पद्धत काढली. मी दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहे, अशा अर्थाचं एक वाक्य सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस वेळा म्हणायचं. मोजायला काय, तर वीस गाठी मारलेली दोरी. आपल्याकडे जपमाळ एकशे आठ मण्यांची, त्यांची वीस गाठींची. एवढाच फरक, असं आम्ही वर्गात गमतीने म्हणत असू.

पण कुए हा साधा सरळ माणूस होता, त्याच्यावर अन्याय करू नये. मी कोणाला बरं करत नाही, तुम्हीच स्वतःला बरं करता, असं तो सांगे. आणि त्याने एक फार मोलाची गोष्ट सांगितली, ती त्याच्या मागून आलेल्यांनी टाकून दिली. तो म्हणे की इच्छाशक्ती आणि कल्पना यांचं भांडण झालं तर दरवेळी कल्पना जिंकते. म्हणजे दात-ओठ खाऊन ‘मी शांत आहे, मी शांत आहे’ म्हणाल तर मन जास्तच भडकेल. आमच्या विद्यार्थ्याचं नेमकं हेच होत होतं. ‘अजून म्हण’ असं आम्ही सांगितलं, म्हणजे भांडण अजून वाढवायला सांगितलं.

पुढे अमेरिकेत या गोष्टीचा बाजार झाला. १९३७ साली नेपोलियन हिल, १९५२ साली नॉर्मन व्हिन्सेंट पील, १९८४ साली लुईझ हे. ही पुस्तकं मराठीत आली, अप्पा बळवंत चौकात ढिगाने मिळतात. त्यांनी कोणाचंच भलं झालं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण वाचताना क्रियापदाकडे लक्ष ठेवा. ‘करीन’ मागे पडत जातं आणि ‘आहे’ पुढे येतं. मी श्रीमंत आहे. मी यशस्वी आहे. आणि ऐकायला कोण? आरसा.

इथे आमच्या विषयातला एक माणूस मदतीला येतो. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन. १९५५ साली त्यांनी हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्यांच्या निधनानंतर १९६२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांचा मुद्दा सोपा करून सांगतो. काही वाक्यं जगाचं वर्णन करतात : ‘बाहेर पाऊस पडतोय’. ती खरी असतात नाहीतर खोटी. काही वाक्यं मात्र बोलण्यानेच काहीतरी घडवतात : ‘मी शब्द देतो’. हे खरं की खोटं, असा प्रश्नच नाही. शब्द दिला की दिला. फक्त तो देण्याची परिस्थिती योग्य असली पाहिजे आणि पुढे तो पाळला गेला पाहिजे. आता ‘मी हुशार आहे’ हे वर्णन आहे. वर्णन म्हटलं की मन लगेच पुरावा मागतं, आणि मनाकडे मागच्या चाचणीचे मार्क असतात! ‘मी आज दोन तास हा धडा वाचीन’ याला मन खोटं म्हणू शकत नाही. फार तर म्हणेल, बघू.

१९५५ साली ऑस्टिन हे बोलत होते आणि १९५६ साली नागपुरात ते घडलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, नुसता योगायोग. १४ ऑक्टोबर १९५६. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि माईसाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग बाबासाहेबांनी स्वतः लाखोंच्या समुदायाला दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. मराठीत. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, ते गेले.

त्या प्रतिज्ञांचा अभ्यास धर्माच्या अंगाने, राजकारणाच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. आम्ही आज फक्त वाक्यांच्या घडणीकडे बघतो. नववी प्रतिज्ञा सगळी माणसं समान आहेत असं मानण्याची. दहावी समता स्थापन करण्यासाठी प्रयत्न करण्याची. शेजारी शेजारी आहेत, बघा. एक ‘आहे’, दुसरं ‘करीन’. नववीतलं ‘आहे’ हे चोखोबांच्या रसासारखं ‘आहे’ आहे. त्यात मी कोणापेक्षा वरचढ नाही आणि कोणापेक्षा खाली नाही. त्याला परीक्षेचे मार्क लागत नाहीत, म्हणून कोणतंही अपयश ते खोडू शकत नाही. आणि दहावीतलं ‘करीन’ हे यशाचं वचन नाही, प्रयत्नाचं आहे. बाकीच्या प्रतिज्ञांत तर रोजच्या जगण्याच्या गोष्टी आहेत : चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. एकविसाव्या प्रतिज्ञेत नवा जन्म होत असल्याची भावना आहे. शतकानुशतकं ज्यांना जन्मावरून हिणवलं, त्यांनी आपला जन्म आपणच जाहीर करायचा! आणि हे आरशासमोर नाही. शेजारी उभा असलेला माणूस तेच वाक्य म्हणतोय, तो तुमचा साक्षीदार आहे आणि तुम्ही त्याचे.

त्यानंतर माणसं नोकऱ्यांत, शाळांत, साहित्यात कशी उभी राहिली, तो इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. नुसत्या प्रतिज्ञांनी हे झालं असं कोणी म्हणू नये. मागे १९२७ चं महाडचं चवदार तळं होतं, शिष्यवृत्त्या होत्या, महाविद्यालयं होती, राज्यघटना होती. पण हाच तर मुद्दा आहे. वाक्याच्या मागेपुढे काम असेल तर वाक्याला बळ येतं.

वामनराव पै यांनीही १९५५ साली आपलं प्रबोधनाचं काम सुरू केलं. त्यांची विश्वप्रार्थना आज अनेक घरांत म्हटली जाते. तिच्यात मागणं ‘मला’ नाही, ‘सर्वांना’ आहे. आपल्या मातीत वाक्य रुजायचं तर त्याला अनेकवचन लागतं, असं आम्हाला वाटू लागलं आहे.

आता मानसशास्त्र काय म्हणतं ते थोडक्यात. अल्बर्ट एलिस यांनीही आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती १९५५ च्या सुमाराला मांडली. महाराष्ट्रात ती रुजवली किशोर फडके यांनी. एलिसशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला काम लावून घेतलं की बागेत जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींशी बोलायचं. एकशे तीस जणींच्या शेजारी बसले. तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही! हिशेबाने हे संपूर्ण अपयश. पण भीती गेली. (हशा) एलिस यांचं म्हणणं असं की ‘मी चांगला आहे’ हेसुद्धा स्वतःला मार्क देणंच आहे. आज चांगला म्हणालात तर उद्या नापास झाल्यावर वाईट म्हणाल. स्वतःला मार्क देणंच थांबवा, कामाला द्या.

२००९ साली कॅनडात जोअॅन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना चार मिनिटं, घंटा वाजेल तेव्हा, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःविषयी आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडं अधिक बरं वाटलं. ज्यांना कमीपणा वाटत होता त्यांना आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला औषध हवं त्यालाच ते बाधलं. हा एक अभ्यास आहे, त्याला ब्रह्मवाक्य मानू नका. पण आमच्या विद्यार्थ्याचं म्हणणं त्याच्याशी जुळतं. उलट २००६ साली अमेरिकेत जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांना पंधराएक मिनिटं लिहायला लावलं, तुला आयुष्यात काय महत्त्वाचं वाटतं आणि का. घरची माणसं, मैत्री, कला, काहीही. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या गुणांतली दरी त्या शाळेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. पुढे मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांत परिणाम बराच कमी दिसला, हेही सांगितलं पाहिजे. तरी दिशा बघा. ‘मी कसा आहे’ यापेक्षा ‘मला काय मोलाचं वाटतं’ हे लिहिणं मनाला पचतं.

आता त्या मुलाकडे परत येतो. तो आज समोर असता, तर आम्ही त्याला आधी विचारलं असतं, “बाळा, तुला ‘जमणार नाही’ हे पहिल्यांदा कोण म्हणालं?” त्या दिवशी आम्ही हे विचारलंच नाही. नंतर त्याच्या मित्राकडून कळलं की शाळेत कोणीतरी त्याच्या बोलण्याला हसलं होतं. तुझी भाषा ऐकून तुला साहेब कोण करील, असं म्हणालं होतं. तेवढं एक वाक्य तो दहा वर्षं डोक्यात घेऊन फिरत होता, आणि त्याच्यावर पुठ्ठ्यावरचं वाक्य चिकटवू बघत होता. जोतीरावांचा प्रश्न त्याला कोणी तरी विचारायला हवा होता.

मग त्याला सांगितलं असतं की पुठ्ठा काढू नकोस, वाक्य बदल. ‘मी हुशार आहे’ याच्या जागी, तू कोणापेक्षा कमी नाहीस आणि जास्तही नाहीस, हे लिही. त्याच्याखाली आजचं एक ‘करीन’ लिही, संध्याकाळपर्यंत होईल एवढंच. आणि ते खोलीतल्या मित्राला वाचून दाखव, त्याचं तू ऐक. शंका आली तर येऊ दे. तुकोबांना आली. कधी कधी शंका बरोबरही असते. अभ्यास खरोखरच कमी झालेला असतो. तेव्हा ती काय म्हणते ते ऐक आणि उद्याचं ‘करीन’ त्याप्रमाणे लिही. आणि हे करूनही मन उठतच नसेल, झोप-जेवण गेलं असेल, तर वाक्यांच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जा. आम्ही बरोबर येतो.

मघाशी ज्या शेतकऱ्यांचा उल्लेख केला, ते आज इथे बसले आहेत. त्यांना एवढंच सांगतो की मुलाचा भाव त्याला समजावून सांगायला जाऊ नका, तो सांगून कळत नाही. घरातलं, रानातलं, एखादं जोखमीचं काम त्याच्यावर सोपवा, चुकला तरी परत सोपवा. आणि ‘तुला नाही जमायचं’ हे वाक्य निदान घरातून तरी त्याच्या कानावर पडू देऊ नका.

वेळ बराच झाला. प्रश्न असतील तर जरूर विचारा, मागच्या रांगेतल्यांनी आधी विचारावेत.